मिनीडीव्ही आणि व्हीएचएसच्या फाइल हँडब्रेकमधून काढताना लेझीम झटके देत दिसते, रेघा जात नाहीत – कोणतं सेटिंग चुकतंय?

हलगी_५०

मंडळाच्या गणेशोत्सवातलं जुनं चित्रण (लेझीम, एकांकिका, विसर्जन मिरवणूक) टीव्हीला पेनड्राइव्ह लावून बघता येईल अशा एमपी४ फाइलमध्ये आणायचं आहे. मूळ माल दोन प्रकारचा आहे.

एक, ३८ मिनीडीव्ही कॅसेट, प्रत्येकी १ तास. कॅमेऱ्यातून फायरवायर केबलने उतरवल्या आहेत, एव्हीआय फाइल, तासाला साधारण १३ जीबी. दोन, ९ व्हीएचएस कॅसेट. त्या बाहेरून करून घेतल्या होत्या. हातात आलेल्या फाइल १२८०×७२० च्या एमपी४ आहेत. मूळ कॅसेट अजून जपून ठेवलेल्या आहेत.

कॉम्प्युटर: विंडोज ११, ६ कोरचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, एनव्हिडियाचं कार्ड. सॉफ्टवेअर हँडब्रेक (व्हिडिओ दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलणारं), प्रीसेट (तयार सेटिंगचा संच) उघडल्यावर येतो तोच 'फास्ट १०८०पी३०'.

अडचणी अशा:
– मिनीडीव्हीत रेघा दिसत नाहीत, पण लेझीम आणि ढोल झटके देत चालतात. तीच मूळ एव्हीआय व्हीएलसी प्लेअरमध्ये डीइंटरलेस (एक आड एक रेघांच्या चित्रातून पूर्ण फ्रेम बनवणं) चालू करून पाहिली तर लोण्यासारखी दिसते.
– 'अ‍ॅनामॉर्फिक' बंद केल्यापासून चेहरे उभट दिसतात. चालू ठेवलं तर फाइलचा आकार ७२०×५७६ दाखवतो आणि टीव्हीवर ७६८ दाखवतो, हा गोंधळ कळत नाही.
– व्हीएचएसच्या फाइलवर हलताना आडव्या पट्ट्या येतात. डीकोम्ब, यॅडिफ, बीडब्ल्यूडिफ अशी डीइंटरलेसची सगळी फिल्टर करून पाहिली, जात नाहीत.
– दर्जाचा आकडा एनव्हीएन्कला (कार्डातला एन्कोडर) २० दिला आणि एक्स२६४ ला (प्रोसेसरवर चालणारा एन्कोडर) २० दिला तर फाइलच्या आकारात खूप फरक पडतो. विश्वास कोणावर ठेवायचा? की सरळ एक्स२६५ किंवा एव्ही१ या नव्या पद्धतींना जावं?
– ३ कॅसेटमध्ये अर्ध्यातून आवाज पुढेमागे होतो.

रात्रभर रांग लावून ठेवायची आहे, म्हणून आधी सेटिंग पक्कं करायचंय.

फ्रेममोजणी

आधी मिनीडीव्हीचं बोलू, कारण तिथे तुमचा माल उत्तम आहे आणि नुकसान फक्त सेटिंगमुळे होतंय.

आपल्याकडचा कॅमेरा पाल पद्धतीचा. सेकंदाला २५ फ्रेम, पण प्रत्येक फ्रेममध्ये दोन फील्ड, म्हणजे हालचालीचे ५० वेगवेगळे क्षण. सम रेघांवर एक क्षण, विषम रेघांवर १/५० सेकंदानंतरचा दुसरा. व्हीएलसी तुम्हाला हे पन्नासही क्षण दाखवतो म्हणून लेझीम गुळगुळीत वाटते. हँडब्रेकचे तयार प्रीसेट 'डीकोम्ब' आणि 'इंटरलेस डिटेक्शन' चालू ठेवून येतात. त्यात रेघा जातात, पण दोन फील्डची मिळून एकच फ्रेम उरते, म्हणजे अर्धी हालचाल गेली. एकांकिकेत हे कळणारही नाही. लेझमीच्या हातात, ढोलाच्या टिपरीत आणि गुलालाच्या उधळणीत मात्र लगेच दिसतं.

तेव्हा 'फिल्टर्स' मध्ये जाऊन 'इंटरलेस डिटेक्शन' बंद करा, म्हणजे एकूण एक फ्रेम फिल्टरमधून जाईल. 'डीइंटरलेस' मध्ये बीडब्ल्यूडिफ निवडा आणि त्याचा प्रीसेट 'बॉब' ठेवा. बॉब म्हणजे प्रत्येक फील्डची स्वतंत्र पूर्ण फ्रेम.

आता खरी मेख. तुमच्या प्रीसेटच्या नावातच ३० आहे. त्यात फ्रेमरेटला '३०, पीक' असं बंधन असतं. बॉबने ५० फ्रेम तयार केल्या तरी हे बंधन त्यातल्या २० फ्रेम मधूनमधून टाकून देतं, आणि मग आधीपेक्षाही वाईट झटके बसतात. अनेक जण इथेच 'बॉबचा उपयोग नाही' म्हणून सोडून देतात. 'व्हिडिओ' च्या पानावर फ्रेमरेट हाताने ५० करा आणि शेजारचं 'कॉन्स्टंट' निवडा. 'सेम अ‍ॅज सोर्स' वर विसंबू नका, सोर्स तर २५ सांगतो.

उभट चेहऱ्यांचं: डीव्हीचा पिक्सेल चौकोनी नसतो. ४:३ चित्रणात तो उंचीपेक्षा रुंद, १६:१५ प्रमाणात असतो. ७२० ला १६:१५ ने गुणलं की ७६८ येतात, आणि ७६८×५७६ म्हणजे बरोबर ४:३. अ‍ॅनामॉर्फिक 'ऑटोमॅटिक' ठेवलं की फाइलमध्ये ७२० पिक्सेलच राहतात आणि 'दाखवताना ७६८ कर' अशी चिठ्ठी जोडली जाते. यात गोंधळ काही नाही, ते चालूच ठेवा. अ‍ॅनामॉर्फिक बंद केलं की पिक्सेल चौकोनी मानला जातो आणि ४:३ चं चित्र ५:४ मध्ये दाबलं जातं. एखादी कॅसेट रुंद पडद्याच्या मोडमध्ये भरलेली असेल तर तिथे प्रमाण ६४:४५ आणि दाखवायची रुंदी १०२४.

दर्जा: एक्स२६४, आरएफ (दर्जाचा आकडा, कमी म्हणजे चांगला) १८, एन्कोडर प्रीसेट 'स्लो', ट्यून काही नाही. ५७६ रेघांच्या चित्राला १८ ते २२ ही योग्य पट्टी. आकडा ६ ने वाढवला की फाइल ढोबळमानाने निम्मी होते, ६ ने उतरवला की दुप्पट. सरासरी ४ मेगाबिट धरली तर तासाला १.८ जीबी, ३८ कॅसेटचे सगळे मिळून ७० जीबीच्या आत.

पूर्ण कॅसेट लावायच्या आधी 'रेंज' मध्ये चॅप्टरऐवजी 'सेकंड्स' निवडून लेझमीचा ६० सेकंदांचा तुकडा काढा आणि तो टीव्हीवरच बघा. कॉम्प्युटरच्या छोट्या खिडकीत बऱ्याच चुका झाकल्या जातात.

टेपघर

व्हीएचएसच्या पट्ट्यांबद्दल. त्या फाइल दुरुस्त होणार नाहीत, त्यावर आणखी वेळ घालवू नका.

खात्री अशी करा. मिनीडीव्हीची मूळ एव्हीआय व्हीएलसीत डीइंटरलेस बंद करून हलत्या प्रसंगावर थांबवा आणि 'ई' चं बटण दाबत एकेक फ्रेम पुढे न्या. हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतील, प्रत्येक दात बरोबर एक पिक्सेल जाड, एक आड एक. आता तुमच्या ७२० वाल्या फाइलमध्ये तसंच करा. तिथे दात जाड, कडांना पुसट, कुठे दाट तर कुठे विरळ असे लाटेसारखे दिसतील. याचा अर्थ कोणीतरी आधी डीइंटरलेस न करता ५७६ रेघा ताणून ७२० केल्या. ताणताना सम आणि विषम रेघा एकमेकींत मिसळल्या. आता कोणती रेघ कोणत्या क्षणाची हे फाइललाच माहीत नाही, तर फिल्टर वेगळं काय करणार? क्रम नेहमी हाच: आधी डीइंटरलेस, मग कडा कापणं, मग लागलंच तर आकार बदलणं.

कॅसेट जपून ठेवल्यात हे फार चांगलं केलंत. पुन्हा उतरवून घ्या, आणि बाहेर दिल्या तर स्पष्ट सांगा: ७२०×५७६, इंटरलेस जसंच्या तसं, 'एचडी' करून नको. व्हीएचएसच्या आडव्या बारकाव्याची मजल २४० रेघांच्या आसपासच असते, त्यात एचडी करून काही मिळत नाही.

स्वतः करणार असाल तर व्हीसीआर, यूएसबीचं कॅप्चर उपकरण आणि व्हर्च्युअलडब२ हे कॅप्चरचं सॉफ्टवेअर पुरे. रंगाचा फॉरमॅट वायूवाय२, आकार ७२०×५७६, २५ फ्रेम, कोडेक हफवाययूव्ही (दर्जा न गमावता फाइल दाबणारा). बिनदाबाचा असा व्हिडिओ तासाला ७५ जीबी होतो, हफवाययूव्हीत साधारण निम्मा. ९ कॅसेटसाठी तात्पुरती जागा ठेवा. कॅप्चर चालू असताना पडद्यावर 'फ्रेम्स ड्रॉप्ड' आणि 'इन्सर्टेड' चे आकडे दिसतात. ते वाढत असतील तर पुढे आवाज सरकणार हे नक्की. बहुतेक वेळा कारण टेपच्या सिग्नलचा डळमळीत काळ हे असतं, आणि त्यावर टाइम बेस करेक्टर (हा काळ स्थिर करणारी सोय) असलेला व्हीसीआर हाच खरा उपाय. कॉम्प्युटरवर त्याच वेळी दुसरं काम चालू असणं हेही एक कारण असतं, ते मात्र फुकटात टाळता येतं.

व्हीएचएसला हँडब्रेकमध्ये तीन गोष्टी जास्तीच्या. चित्राच्या तळाला ६ ते १० रेघांची वळवळती पट्टी असते, ती व्हीसीआरचं हेड बदलताना येते. टीव्हीच्या जुन्या चौकटीत ती झाकली जायची. 'क्रॉप' हाताने करून खालून तेवढ्याच रेघा कापा, आकडा सम ठेवा. दुसरं, 'डीनॉइज' मध्ये एचक्यूडीएन३डी 'लाइट' किंवा 'अल्ट्रालाइट'. टेपचे सळसळते ठिपके दर फ्रेमला बदलतात, त्यामुळे एन्कोडर सगळे बिट त्यांच्यावरच खर्च करतो. 'स्ट्राँग' लावू नका, रांगोळीचे ठिपके आणि पैठणीची बुट्टी दोन्ही पुसली जातात. एनएलमीन्स जास्त चांगलं आहे पण फार हळू चालतं. तिसरं, आवाज एकाच कानात येत असेल तर ऑडिओच्या 'मिक्सडाउन' मध्ये 'मोनो, फक्त डावा' निवडा. साधा 'मोनो' निवडला तर रिकामी उजवी बाजूही मिसळली जाते आणि आवाज दबतो.

एकएक_बिट

एन्कोडरच्या प्रश्नावर.

एनव्हीएन्कचा २० आणि एक्स२६४ चा आरएफ २० हे दोन वेगळ्या मोजपट्ट्यांवरचे आकडे आहेत. शेर आणि किलो यांची तुलना करण्यासारखं आहे ते. एक्स२६५ चा आकडाही वेगळा, आणि एव्ही१ ची पट्टी तर ५१ ऐवजी ६३ पर्यंत जाते. तुलना करायची तर दोन्हींच्या फाइलचा आकार सारखा येईल असे आकडे शोधा आणि मग गुलाल, धूर आणि अंधारातली मिरवणूक बघा. त्या तीन ठिकाणी हार्डवेअर एन्कोडर आधी उघडा पडतो: गुलालाच्या ढगात चौकोन दिसायला लागतात.

शिवाय तुमच्या कामात कार्डाचा फायदाही थोडा. ७२०×५७६ च्या फ्रेममध्ये ४,१४,७२० पिक्सेल, १०८०पी मध्ये २०,७३,६००. म्हणजे पाचपट हलकं काम आहे. वर डीइंटरलेस आणि डीनॉइज प्रोसेसरवरच चालतात, त्यामुळे कार्ड बराच वेळ प्रोसेसरची वाट बघत बसतं. ६ कोरवर एक्स२६४ 'स्लो' तुम्हाला जड जाणार नाही. कार्ड वापरायचंच तर रोजच्या स्क्रीन रेकॉर्डिंगला वापरा, एकदाच होणाऱ्या जतनाला नको.

एक्स२६५ बद्दल माझं मत नकारार्थी आहे, आणि ते फक्त या मालापुरतं. मोठ्या फ्रेमवर, ४के मोबाइल चित्रणावर, तो खरंच जागा वाचवतो. ५७६ रेघांच्या दाणेदार चित्रावर बचत कमी, वेळ कितीतरी जास्त, आणि दाणा पुसट करण्याची त्याची सवय जुन्या चित्रणाला मारक. मंडळातल्या प्रत्येकाच्या घरी टीव्ही वेगळा असणार. एव्ही१ तर आणखी नवा, तो वाजवण्याची सोय टीव्हीच्या चिपमध्ये असावी लागते. एच.२६४ सगळीकडे चालतं.

सगळीकडे चालण्यासाठी दोन अटी पाळा. लेव्हल (प्लेअरला किती भार पेलावा लागेल याची पायरी) हाताने ३.० देऊ नका. ७२०×५७६ म्हणजे १६२० मॅक्रोब्लॉक (१६×१६ पिक्सेलचे चौकोन). सेकंदाला २५ फ्रेमचे ४०,५०० होतात आणि लेव्हल ३.० ची मर्यादा बरोबर तेवढीच आहे. तुम्ही ५० फ्रेम करताय, म्हणजे ८१,०००. त्याला ३.१ लागते, तिची मर्यादा १,०८,०००. 'ऑटो' ठेवलंत तरी चालेल. दुसरी अट हफवाययूव्हीच्या फाइलसाठी: त्यात रंग ४:२:२ असतो (रंगाचा तपशील आडवा निम्मा; ४:२:० मध्ये उभाही निम्मा). हँडब्रेक स्वतःहून ४:२:० करतो. एफएफएमपेगने (कमांड लिहून चालवायचं सॉफ्टवेअर) थेट केलंत तर पिक्सेल फॉरमॅट ४:२:० असा वेगळा सांगावा लागतो, नाहीतर एक्स२६४ मुकाट्याने ४:२:२ ची फाइल बनवतो. ती कॉम्प्युटरवर लागते आणि टीव्हीवर नुसता आवाज येतो, पडदा काळा.

रात्रभराच्या रांगेसाठी कळकळीने सांगतो: आउटपुट एमपी४ नको, एमकेव्ही ठेवा. एमपी४ ची अनुक्रमणिका फाइल संपताना लिहिली जाते. पहाटे वीज गेली तर पाच तासांचं काम झालेली फाइलही उघडत नाही. एमकेव्ही जिथपर्यंत लिहिली गेली तिथपर्यंत चालते, निदान झालेलं काम तपासता तरी येतं. सगळं नीट झाल्यावर शटर एन्कोडरमध्ये 'रीरॅप' करून एमपी४ करा. त्यात पुन्हा एन्कोडिंग होत नाही, फक्त डबा बदलतो, तासाभराची फाइल काही सेकंदांत होते.

फ्रेममोजणी

आवाज पुढेमागे होण्याचं राहिलं होतं. मिनीडीव्ही कॅमेऱ्यात आवाजाचे दोन मोड असतात: १२ बिट ३२ किलोहर्ट्झ आणि १६ बिट ४८ किलोहर्ट्झ. एकाच कॅसेटवर मध्येच मोड बदलला असेल, तर एव्हीआयच्या सुरुवातीला लिहिलेला एकच दर पुढच्या भागालाही लावला जातो आणि तिथून आवाज सुटतो. 'अर्ध्यातून' म्हणताय, त्यामुळे हेच असण्याची शक्यता जास्त. त्या ३ कॅसेट विनडीव्हीने पुन्हा उतरवा. त्यात रेकॉर्डिंगच्या वेळेत खंड पडला की नवीन फाइल सुरू करायची सोय आहे. मोड बदलताना रेकॉर्डिंग थांबवलेलं असतंच, म्हणून प्रत्येक तुकड्याला आपापला दर मिळतो.

तपासायला ताशाचा ठोका उत्तम. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी एकेक ठोका फ्रेमगणिक बघा. फरक हळूहळू वाढत गेला तर घड्याळाचा दोष, आवाज थोडा ताणून जुळतो. फरक एकदम उडी मारून आला तर फ्रेम गळल्यात किंवा दर बदललाय. तिथे ताणून काही होत नाही, तुकडे करावे लागतात.

नको असलेला भाग कापायचा असेल तर एन्कोड करायच्या आधी, डीव्हीतच कापा. डीव्हीत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, त्यामुळे लॉसलेसकटमध्ये हव्या त्या फ्रेमवर काप बसतो. एच.२६४ झाल्यावर काप फक्त की-फ्रेमवर (स्वतंत्र, पूर्ण साठवलेल्या फ्रेमवर) नीट बसतो, आणि दोन की-फ्रेममध्ये काही सेकंदांचं अंतर असू शकतं.

हलगी_५०

सगळ्यांचे मनापासून आभार. ६० सेकंदांचा तुकडा बीडब्ल्यूडिफ बॉब, ५० कॉन्स्टंट, आरएफ १८ वर काढला. लेझीम आता मूळ टेपसारखी दिसते, चेहरेही बरोबर. व्हीएचएसच्या फाइलमध्ये टेपघर म्हणाले तसेच जाड, लाटेसारखे दात आहेत, त्या पुन्हा उतरवतो.

दोन शंका उरल्या. एका व्हीएचएसचा तुकडा व्हर्च्युअलडब२ ने घेऊन पाहिला. बॉब केल्यावर चालणारा माणूस दोन पावलं पुढे, एक मागे असा थरथरतो. आणि काही कार्यक्रम यूट्यूबवर टाकायचे आहेत, तिथे ५७६ ची फाइल चढवली तर पुन्हा झटके दिसतात.

टेपघर

पुढेमागे थरथर म्हणजे फील्डचा क्रम उलटा धरला गेलाय, नंतरचा क्षण आधी दाखवला जातोय. डीव्हीत खालचं फील्ड आधी असतं. यूएसबी उपकरणातून आलेल्या फाइलमध्ये बहुधा वरचं आधी असतं, पण हफवाययूव्हीच्या एव्हीआयमध्ये हे नोंदलेलं असेलच असं नाही, म्हणून सॉफ्टवेअर अंदाज करतं. एफएफएमपेगमधलं 'आयडेट' हे फिल्टर ५०० फ्रेमवर चालवा, हलता प्रसंग निवडून. शेवटी वरचं आधी किती, खालचं आधी किती याची मोजणी छापून येते, कौल एकतर्फी असतो. मग बीडब्ल्यूडिफचा प्रीसेट 'कस्टम' करून 'मोड' आणि 'पॅरिटी' दोन्ही लिहा. पॅरिटी ० म्हणजे वरचं आधी, १ म्हणजे खालचं. एका उपकरणासाठी एकदा ठरलं की नऊही कॅसेटला तेच लागू.

एकएक_बिट

यूट्यूब ५० फ्रेम फक्त ७२०पी आणि त्यावरच्या दर्जाला ठेवतं, खाली निम्म्या करतं. म्हणून तिथल्यासाठी वेगळी प्रत काढा: बॉब केल्यानंतर आकार १४४०×१०८०, अ‍ॅनामॉर्फिक बंद, पिक्सेल चौकोनी. इथे आकार वाढवणं योग्य आहे, कारण डीइंटरलेस आधीच झालंय. 'कलरस्पेस' फिल्टरमध्ये बीटी.७०९ (एचडीची रंगपद्धत) निवडायला विसरू नका. जुन्या चित्रणाचा रंग ६०१ पद्धतीचा असतो आणि काही प्लेअर नुसता मोठा आकार बघून ७०९ समजतात, मग कुंकवाचा लाल आणि शालूचा हिरवा दोन्ही सरकतात. टीव्हीच्या ५७६ वाल्या प्रतीला हे फिल्टर लावायचं नाही.

आणि १३ जीबीच्या मूळ एव्हीआय पुसू नका. ३८ कॅसेटच्या मिळून ४९४ जीबी होतात, १ टीबीच्या डिस्कवर आरामात बसतात. दोन डिस्कवर दोन प्रती, वेगवेगळ्या घरी. फायरवायर चालणारे कॅमेरे दिवसेंदिवस कमी होताहेत, त्या कॅसेट पुन्हा उतरवायची संधी मिळेलच असं नाही.